क्लचप्लेट कोण जाळतो?

मोटार शिकविणारा मनुष्य पहिल्या दिवशी शिकाऊ मंडळींना तीन वाक्ये सांगतो. क्लच पूर्ण दाबा, गिअर टाका, क्लच हळू सोडा. एवढ्या शिदोरीवर असंख्य माणसे लायसन मिळवितात आणि पुढे वीस-पंचवीस वर्षे बिनबोभाट गाडी हाकतात. वाक्ये खोटी नाहीत. पण हळू म्हणजे किती हळू आणि ते का, हे त्यांत नाही. आणि गाडी एकदा चालू लागल्यावर त्या डाव्या पायाने काय करावे, किंबहुना काय करू नये, याविषयी तर त्यांत अवाक्षर नाही.

आमचा या विषयाशी संबंध आला तो गाडी बाळगण्याच्या हौसेने नव्हे. ड्रायव्हर लोकांच्या संघटनेचे काम करीत असता चौकशीच्या टेबलावर पुन्हा पुन्हा एकच आरोप येई : ‘निष्काळजीपणे गाडी चालवून क्लचप्लेट जाळली.’ साहेब कागद वाचून दाखवीत, ड्रायव्हर म्हणे, “मी काही केलं नाही साहेब,” आणि प्लेट मुळात का जळते हे दोघांपैकी एकालाही नीट सांगता येत नसे. मग भुर्दंड पडावयाचा तो ज्याचा आवाज लहान त्याच्यावर. तेव्हा फिटर मंडळींजवळ बसून, उघडलेल्या गाड्या पाहून आणि वाचनालयातील पुस्तके चाळून आम्ही हा विषय समजून घेतला. श्रोत्यांत ज्यांच्याजवळ स्वतःची गाडी आहे त्यांना तो खिशाच्या दृष्टीने उपयोगी पडेल. ज्यांच्या पदरी ड्रायव्हर आहे त्यांनी तो थोडा अधिक लक्ष देऊन ऐकावा.

मुळात क्लच लागतोच कशाला? बैलगाडीला तो नाही, सायकलला नाही, आगगाडीच्या वाफेच्या इंजिनालाही नव्हता. बैल उभा असला तरी त्याच्या अंगात जोर असतोच. तो पाय रोवतो आणि उभी गाडी ओढू लागतो. वाफेचेही तसेच. वाफ सिलिंडरात सोडली की इंजिन उभे असतानाच दट्ट्यावर दाब बसतो. विजेच्या मोटरचेही तेच. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदरहून कुर्ल्याला विजेवरची पहिली गाडी गेली, तिला क्लचवाचून काही अडले नाही. पेट्रोलचे व डिझेलचे इंजिन मात्र या बाबतीत पांगळे आहे. ते फिरत असेल तरच त्यात जोर. मिनिटाला सात-आठशे फेऱ्यांच्या फार खाली त्याला ओढले की ते धापा टाकते आणि बंद पडते. इकडे इंजिन फिरते आहे, तिकडे चाके उभी आहेत. या दोघांची गाठ घालावयाची तर मध्ये असे काहीतरी हवे, की जे आधी थोडे घसरेल, मग धरेल आणि शेवटी घट्ट बसेल.

जुन्या कापडगिरण्यांत काम केलेल्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. तेथे छताखालून एक लांब शाफ्ट दिवसभर फिरत असे आणि त्यावरून पट्टा खाली मागाकडे येई. मागावर शेजारी शेजारी दोन पुल्या असत. एक मागाला जखडलेली, दुसरी नुसतीच मोकळी फिरणारी. माग थांबवावयाचा तर पट्टा मोकळ्या पुलीवर सरकवावयाचा, चालू करावयाचा तर जखडलेल्या पुलीवर. सरकताना तो क्षणभर घसरे आणि मग धरी. पुढे मागामागाला स्वतंत्र मोटर आली आणि ते पट्टे गेले. पण गल्लीतल्या पिठाच्या गिरणीत पट्टा पुष्कळांनी पाहिला असेल. जात्यात दाणा जास्त पडला किंवा पट्टा सैल झाला की तो पुलीवर घसरू लागतो, आणि पिठाच्या वासात मध्येच एक जळका वास येतो. मोटारीच्या क्लचचे सगळे सुखदुःख त्या वासात आहे. घसरले की तापते, आणि तापत राहिले की जळते.

आता मोटारीच्या पोटात पाहू. इंजिनाच्या टोकाला फ्लायव्हील नावाचे जड लोखंडी चाक असते. त्याच्यासमोर प्रेशर प्लेट, आणि या दोघांच्या मध्ये क्लचप्लेट. लहान मोटारीत ही प्लेट साधारण भाकरीएवढी, ट्रकमध्ये मोठ्या ताटाएवढी. तिच्या दोन्ही अंगांना घासणीचे अस्तर रिव्हेटांनी बसविलेले असते. आमचे फिटर त्याला लायनर म्हणतात. एक भक्कम स्प्रिंग प्रेशर प्लेटला शेकडो किलोंच्या जोराने फ्लायव्हीलकडे रेटीत असते, त्यामुळे मधली प्लेट चिमटीत पकडल्यासारखी घट्ट राहते आणि इंजिनाबरोबर फिरते. तिच्यातून गेलेला दांडा गिअरबॉक्समध्ये, तेथून पुढे चाकांकडे. आपण पेडल दाबतो तेव्हा रिलीज बेअरिंग पुढे सरकते, स्प्रिंगची बोटे दाबते आणि चिमटी सुटते.

येथे नवशिक्याचा एक घोटाळा होतो. ब्रेक दाबला की ब्रेक लागतो, म्हणून क्लच दाबला की क्लच ‘लागतो’ असे त्याला वाटते. प्रकार उलटा आहे. पाय काढला म्हणजे जोड बसतो, पाय ठेवला म्हणजे तुटतो. यंत्राने आपली नैसर्गिक स्थिती घट्ट जोडाची ठेवली आहे. ती मोडण्यासाठी माणसाला जोर लावावा लागतो. पाय पूर्ण वर असतो तेव्हा प्लेट घसरत नाही, म्हणून झिजत नाही. त्या स्थितीत गाडी मुंबईहून नागपूरपर्यंत नेली तरी तिला ढिम्म होत नाही. पाय पूर्ण खाली असतो तेव्हा प्लेट मोकळी असते, तेव्हाही ती झिजत नाही. झिजते ती या दोहोंच्या मधल्या अवस्थेत, जिला सगळे जण हाफ क्लच म्हणतात. अस्तराची खरी झिजावयाला मिळणारी जाडी एकेका बाजूला मिलिमीटर-दीड मिलिमीटरच असते. ती संपली की रिव्हेटांची डोकी फ्लायव्हीलवर घासू लागतात.

किती तापते याचा हिशेब करता येतो, आणि तो करून पाहण्यासारखा आहे. समजा माणसांसकट गाडीचे वजन १००० किलो. पहिल्या गिअरमध्ये इंजिनाच्या १४ फेऱ्या होतात तेव्हा चाकाची एक, आणि चाकाचा घेर पावणेदोन मीटर. इंजिन नुसते चालू असताना मिनिटाला ८०० फेऱ्या घेते असे धरले, तर चाकाच्या ५७ फेऱ्या होतील, म्हणजे मिनिटाला १०० मीटर, तासाला ६ किलोमीटर. झपझप चालणाऱ्या माणसाचा हा वेग. याचा अर्थ असा, की रेस न देता सपाटीवर गाडी उचलली तर प्लेटला घसरावे लागते ते गाडी या वेगाला येईपर्यंतच. त्यानंतर दोघांच्या फेऱ्या जुळल्या, घसरणे संपले.

आता रेस देऊन इंजिन २४०० फेऱ्यांवर धरले आणि तसेच धरून क्लच सोडला, तर गाडी १८ किलोमीटरच्या वेगाला येईपर्यंत प्लेट घसरतच राहणार. यंत्रशास्त्राचा नियम असा की, या घसरण्यात होणारी उष्णता गाडीला मिळालेल्या गतीच्या शक्तीइतकीच असते, आणि ती शक्ती वेगाच्या वर्गाने वाढते. फेऱ्या तिप्पट, तर उष्णता नऊपट. सिग्नल सुटताच घूं घूं करून गाडी उडविणारा तरुण एका उड्डाणात नऊ वेळा गाडी उचलल्याइतकी प्लेट तापवितो. कंटाळा करून दुसऱ्या गिअरमध्ये गाडी उचलणाऱ्याचाही हिशेब याच जातीचा. दुसऱ्या गिअरमध्ये १४ ऐवजी सुमारे ८ फेऱ्यांना चाकाची एक फेरी होते. इंजिन त्याच चालीत असले तरी जुळण्याचा वेग पावणेदोनपट आणि उष्णता तिपटीच्या घरात.

म्हणून शिकविताना आम्ही एक पद्धत सुचवितो. मोकळ्या सपाट मैदानावर न्यावे आणि पहिले दोन दिवस अॅक्सिलरेटरला हातच, नव्हे पायच, लावू देऊ नये. टाच जमिनीवर टेकवून पहिल्या गिअरमध्ये क्लच वर येऊ द्यावा. एका जागी इंजिनाचा आवाज किंचित जड होतो, गाडी अंग आखडल्यासारखी करते. ती क्लच धरण्याची जागा. तेथे एक-दोन श्वास पाय थांबवावा. गाडी आपल्या पायांनी चालू लागते. मग उरलेला क्लच सोडावा आणि पाय काढून बाजूला ठेवावा. ‘हळू सोडा’ म्हणजे सगळी चाल सारखीच हळू नव्हे. धरण्याच्या जागेपर्यंत यावयास वेळ घालविण्याचे कारण नाही, तेथून पुढेही नाही. थांबावयाचे ते मध्येच. आठ-दहा वेळा असे केले की ती जागा पायाला पाठ होते. प्रत्येक गाडीची जागा निराळी असते, आणि प्लेट झिजत जाईल तशी केबलवाल्या गाडीत ती वर सरकते, हेही पायाने ओळखावे.

खरी कसोटी चढावर. चढावर गाडी उभी आहे, पुढची हलेपर्यंत थांबावयाचे आहे, आणि ब्रेकऐवजी हाफ क्लच धरून व थोडी रेस देऊन गाडी जागच्या जागी तोलून धरली जाते. पुष्कळांना ही आपली हातोटी वाटते. ज्या गाडीचा हिशेब आपण केला तीच दर दहा मीटरला एक मीटर अशा चढावर १००० फेऱ्यांवर तोलून धरली, तर क्लचमध्ये सुमारे २००० वॉट उष्णता निर्माण होते. एक हजार वॉटच्या दोन इस्त्र्या एका बंद डब्यात कोंडून चालू ठेवल्या असे समजा. अर्धा मिनिट काढला की वास येतो, आणि वास आला तेव्हा अस्तर करपू लागलेले असते. चढावर गाडी धरून ठेवणे हे ब्रेकचे काम. हँडब्रेक ओढावा, न्यूट्रल करून पाय मोकळा करावा. निघावयाच्या वेळी पहिला गिअर, थोडी रेस, क्लच धरण्याच्या जागेपर्यंत वर. गाडीचे नाक किंचित उचलले व आवाज जड झाला, की हँडब्रेक सोडावा. गाडी मागे येत नाही.

वरंध किंवा आंबेनळीसारख्या अरुंद घाटात उतरणाऱ्याने चढणाऱ्याला वाट द्यावी असा नियम आहे. तो नुसत्या सौजन्याचा नाही. चढणारी गाडी थांबली तर तिला पुन्हा उचलण्याचा सगळा भार त्या भाकरीएवढ्या प्लेटवर पडतो, आणि भरलेली बस किंवा उसाचा ट्रक असेल तर तो किती, याची कल्पना उतरणाऱ्यास खुर्चीत बसून येत नाही. उतरणाऱ्याचाही एक दोष सांगितला पाहिजे. पेट्रोल वाचविण्यासाठी उतारावर क्लच दाबून किंवा न्यूट्रल करून गाडी सोडण्याची खोड फार पसरलेली आहे. असे केल्याने इंजिनाची गाडीला आवरून धरण्याची शक्ती नाहीशी होते, सगळा भार ब्रेकवर येतो, आणि तापलेला ब्रेक लांब उतारावर धरेनासा होतो. शिवाय आजकालच्या इंजिनात गिअरमध्ये असताना अॅक्सिलरेटरवरून पाय काढला, की उतारावर इंधन जवळजवळ बंदच होते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी ते जळत राहते. वाचते काहीच नाही, आणि पणाला लागतो जीव.

शहरातील गर्दीत हाफ क्लचचा मोह सर्वांत जास्त. पुढची गाडी वीतभर सरकली की आपणही वीतभर सरकावयाचे, असे तासभर चालते. त्यापेक्षा पुढे एक-दोन गाड्यांची जागा होऊ द्यावी आणि मग पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडून त्या सहा किलोमीटरच्या चालीने जावे. मागचा भोंगा वाजवील. वाजवू द्यावा; त्याची प्लेट तो जाळतो आहे. सिग्नलला मिनिटभर थांबावयाचे असेल तर न्यूट्रल करून पाय काढावा. गिअर टाकून पेडल दाबून बसल्याने प्लेट जळत नाही हे खरे, पण तेवढा वेळ रिलीज बेअरिंग व स्प्रिंगची बोटे ताणाखाली फिरत राहतात आणि गुडघाही. थांबताना आधी ब्रेक, आणि इंजिन अडखळावयास लागण्याच्या जरा आधी क्लच. दोन्ही एकदम दाबण्याची सवय लागलेल्याला इंजिनाच्या आवराची मदत मिळत नाही.

आणि सर्वांत चोरटा दोष म्हणजे पेडलवर पाय विसावत ठेवणे. दाबला नाही, नुसता ठेवला आहे, असे तो मनुष्य शपथेवर सांगेल. पायाचे वजन दोन-तीन किलो असतेच. पेडलची सुरुवातीची मोकळी चाल संपली, की बेअरिंग बोटांना टेकून सतत फिरू लागते, चिमटीही थोडी सैल होते, आणि चढावर जोर आला की प्लेट नकळत घसरते. पुष्कळ गाड्यांत क्लचच्या डावीकडे पाय ठेवावयास जागा दिलेली असते. तिचा उपयोग करावा.

जुन्या ट्रक-बसवाल्यांचा ‘डबल क्लच’ हा शब्द येथे आठवतो. त्या गाड्यांच्या गिअरबॉक्समध्ये दातांचे वेग आपोआप जुळविण्याची सोय नव्हती. म्हणून खालचा गिअर घेताना क्लच दाबून न्यूट्रल करावयाचे, क्लच सोडून एक रेस मारावयाची, पुन्हा दाबून गिअर टाकावयाचा. चुकले की गिअर कर्र करून ओरडे आणि शेजारचा क्लीनरही हसे. आजच्या मोटारीत हे लागत नाही. पण क्लच अर्धवट दाबून गिअर ओढण्याची परवानगी त्यामुळे मिळाली असे नाही. ती वेग जुळविणारी पितळी कडी त्याने झिजतात.

आता त्या चौकशीच्या टेबलाकडे येऊ.

शहरातील बसचा ड्रायव्हर एका पाळीत १०० किलोमीटर जातो असे धरा. थांबे, सिग्नल, गर्दी मिळून किलोमीटरमागे तीनदा उभे राहणे, आणि प्रत्येक वेळी थांबून पुन्हा वेगाला येईपर्यंत पाच वेळा क्लच. पंधराशे वेळा झाले. जुन्या जड गाडीचे पेडल एका वेळी पंधरा किलोंचा जोर मागते असे कमीच धरले, तरी दिवसाकाठी साडेबावीस टन एका डाव्या पायाने दाबले गेले. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर रस्त्यावर एसटीची पहिली गाडी निघाली. तेव्हापासून किती पिढ्यांचे डावे गुडघे आणि कमरा या कामाला लागल्या असतील! पाळीच्या शेवटच्या दोन तासांत थकलेला पाय पेडलवर विसावतो, तेव्हा त्याला निष्काळजीपणा म्हणावे की आणखी काही, हा प्रश्न कोणत्याही आरोपपत्रात विचारलेला आम्ही पाहिला नाही. ड्रायव्हरची खुर्ची मागेपुढे सरकते की गंजून एका जागी बसली आहे, हेही कोणी पाहत नाही. पेडल पूर्ण खाली गेले असता गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. खुर्ची लांब असली तर माणूस कमरेतून दाबतो आणि क्लच पुरता सुटतही नाही.

जळालेली प्लेट मात्र बोलते, तिला विचारले तर. एका मालवाहतुकीच्या धंद्यात तीन महिन्यांत दुसऱ्यांदा प्लेट गेली म्हणून ड्रायव्हरच्या पगारातून किंमत कापण्याचे ठरले होते. आम्ही एवढेच म्हटले, की प्लेट टेबलावर आणा. ती भंगारात टाकली होती; शोधून आणली. तिच्या एका अंगाचे अस्तर काळे, तेलाने चमकणारे, बोट लावले तर चिकट. इंजिनाच्या मागच्या ऑइल सीलमधून तेल गळून प्लेटवर येत होते. तेलकट प्लेट घसरणारच, मग तिच्यावर पाय कोणाचाही असो. आणि सील न बदलता नवी प्लेट घातली तर तीही जाणार. मालकांनी कपात मागे घेतली आणि सील बदलले. त्या गाडीची पुढली प्लेट जळाल्याची तक्रार आमच्याकडे आली नाही.

तेल नसेल, पण फ्लायव्हीलवर व प्रेशर प्लेटवर निळे डाग पडले असतील आणि अस्तर दोन्ही अंगांनी सारखे करपले असेल, तर गाडी फार घसरविली गेली हे नक्की. पण कशाने? हाफ क्लचने, की जादा मालाने, की पेडलला मोकळी चाल न ठेवता केबल ताणून बसविल्याने? केबलच्या गाडीत पेडलला एक-दोन बोटे मोकळी चाल लागते. ती नसेल तर पाय बाजूला असूनही क्लच कायम थोडा दाबलेलाच राहतो, आणि हे काम डेपोच्या फिटरचे, ड्रायव्हरचे नव्हे. अस्तर एकाच कडेला झिजले असेल तर बसविण्यात वाकडेपणा आहे. प्लेटच्या मध्यावरच्या लहान स्प्रिंगा तुटल्या असतील तर क्लच धाडकन सोडण्याची सवय किंवा वरच्या गिअरमध्ये इंजिनाला रडवीत नेण्याची सवय असण्याचा संभव आहे.

दुसऱ्या एका प्रकरणात रिलीज बेअरिंग खिळखिळे होते, स्प्रिंगच्या बोटांची टोके घासून चकचकीत झाली होती, आणि पेडलची मोकळी चाल मात्र अगदी बरोबर होती. तेल कोठेच नव्हते. ड्रायव्हर आमचा सभासद, चांगला जुना कार्यकर्ता. आम्ही त्याला बाजूला घेऊन सांगितले, “दादा, हे तुमच्या पायाचं काम आहे.” त्याला ते आवडले नाही. त्याची बाजू आम्ही मांडली ती शिक्षा सौम्य व्हावी म्हणून, दोष नाही म्हणून नव्हे. संघटनेने खोट्याची कड घेतली तर खऱ्याच्या वेळी तिचा शब्द कोण मानील?

कायद्याचे एवढेच सांगतो. १९३६ च्या पगारासंबंधीच्या कायद्यात आणि त्याची जागा घेणाऱ्या २०१९ च्या वेतन संहितेत तत्त्व एकच आहे : नुकसानीबद्दल पगार कापावयाचा तर ते नुकसान कामगाराच्या हयगयीमुळेच थेट झालेले असले पाहिजे, आणि कापण्यापूर्वी त्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी दिली पाहिजे. ‘प्लेट जळाली’ हे नुकसान झाले. ‘हयगयीमुळेच’ हे सिद्ध करावयाचे राहते, आणि ते प्लेट न पाहता सिद्ध होत नाही. हाच न्याय घरच्या ड्रायव्हरला आणि गाडी शिकणाऱ्या सुनेलाही लागू करण्यास हरकत नसावी. पुष्कळ घरांत क्लच गेला की तिच्याकडे बोट दाखविले जाते, मग गाडी आधी पाच वर्षे कोण हाफ क्लचवर चालवीत होते याची विचारपूस होत नाही.

क्लच उघडणाऱ्या माणसाविषयीही बोलले पाहिजे. जुन्या अस्तरांत अॅस्बेस्टॉस असे, कारण ते उष्णतेला दाद देत नाही. त्याची भुकटी श्वासातून गेली तर फुप्फुसे दगडासारखी होतात व कर्करोगही होतो, हे आता निर्विवाद आहे. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने अॅस्बेस्टॉस कामगारांच्या प्रकरणात आरोग्य हा कामगाराच्या जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग मानला. आता पुष्कळ अस्तरे त्याविना होतात. तथापि देशात त्यावर सरसकट बंदी नाही, आणि स्वस्त प्लेटीत काय आहे हे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून क्लचच्या घंटीतील काळी भुकटी तोंडाने किंवा हवेच्या नळीने उडवू नये. ओल्या फडक्याने पुसावी. आमचे गॅरेजमधले पोरगे पहिली गोष्ट तीच उडविते, आणि मिस्त्री त्याला अडवीत नाही.

डाव्या पायाला पेडल नसलेल्या गाड्या आता पुष्कळ झाल्या. त्यांत एक फसगत आहे. २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओपासून आपल्याकडे जी स्वस्त ‘ऑटोमॅटिक’ पद्धत रुळली, तिच्या पोटात हीच प्लेट, हीच चिमटी असते. फक्त पायाऐवजी यंत्र ती उघडते-मिटते. अशी गाडी चढावर ब्रेकऐवजी अॅक्सिलरेटरवर तोलून धरली, की यंत्रच हाफ क्लच करते आणि प्लेट पहिल्याइतकीच जळते. तेथेही ब्रेकच धरावा. पुण्यात २०१९ पासून विजेच्या बसगाड्या आल्या, त्यांना मात्र खरोखरच क्लच नाही. त्या चालविणारे ड्रायव्हर पाळीनंतर पहिली गोष्ट गुडघ्याची सांगतात.

आपल्या गाडीचा क्लच घसरू लागला आहे की काय, हे घरच्या घरी कळते. वरच्या गिअरमध्ये चढाला रेस दिली असता इंजिनाचा आवाज चढतो पण गाडी त्या प्रमाणात पळत नाही, ही एक खूण. दुसरी मुद्दाम पाहावयाची. सपाट जागी, पुढेमागे कोणी नाही असे पाहून हँडब्रेक घट्ट ओढावा, उजवा पाय ब्रेकवर ठेवावा, तिसरा किंवा चौथा गिअर टाकावा आणि रेस न देता क्लच सोडावा. क्लच निरोगी असेल तर इंजिन गचका देऊन ताबडतोब बंद पडते. ते फिरतच राहिले तर प्लेट संपत आली, किंवा तिला तेल लागले आहे. हा प्रयोग एकदाच करावा; खात्रीसाठी चार वेळा केला तर त्यानेच ती तापेल.